राग उतरला की राणी परत

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय. थोडी काटछाट केली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? हो म्हणताय म्हणजे येतंय.

पत्रिकेत विषय छापलाय 'ऑस्ट्रेलियातील प्रजासत्ताकवादी विचारांची जडणघडण'. हे मी दिलेलं नाही हां. मी फोनवर म्हणलं होतं, ऑस्ट्रेलियात अजून राजा कसा काय टिकलाय यावर बोलतो, तर तुमचे चिटणीस म्हणाले, बघतो जरा भारदस्त करून. तर ते भारदस्त झालंय, आणि मी मात्र तसाच आलोय.

सुरुवात करायच्या आधी ही एक नोट फिरवतो. पाच डॉलरची आहे. या बाजूने सुरू करा, हां. चुरगाळून बघा, काही होत नाही, प्लास्टिकची आहे, खिशात राहून धुतली गेली तरी चालते, माझ्या बायकोने पुष्कळदा सिद्ध केलंय. तिच्यावर एलिझाबेथ राणी आहे. राणी वारली २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, आणि २०२३ ला त्यांच्या रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की या नोटेवर आता नवा राजा येणार नाही, तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचं चित्र येईल. नाण्यांवर मात्र चार्ल्स आलाय. म्हणजे नोटेवरून राजघराणं जाणार, चिल्लर तेवढी त्यांच्याकडे राहणार. नोट परत पाहिजे बरं का मला.

आता मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो, कारण माझं घड्याळाशी कधी जमलेलं नाही. तिथे राजा नको म्हणणारे लोक आज उगवलेले नाहीत. पावणेदोनशे वर्षं झाली. पण माझं असं मत झालंय, तिथे पस्तीस वर्षं काढल्यावर, की ऑस्ट्रेलियात रिपब्लिक म्हणजे रागावलेल्या माणसाने उच्चारायचा शब्द आहे. काहीतरी अन्याय होतो, लोक खवळतात, कुणीतरी ओरडतं रिपब्लिक पाहिजे, मग सरकार ते नेमकं गाऱ्हाणं दूर करतं, आणि राग उतरला की राणी परत जागेवर. असं तीनदा झालं. चौथ्यांदा, १९९९ ला, कुणालाही राग आलेला नसताना मत मागितलं. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

पण आधी माझ्या घरातलं सांगतो. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आमच्याकडे मेलबर्नच्या महाराष्ट्र मंडळात लोकांना पाठ झालंय.

मी गेलो १९८८ ला. १९९१ ला नागरिकत्व घेतलं. समारंभ असतो, उपनगराच्या कौन्सिलच्या हॉलमध्ये, गळ्यात सोन्याच्या साखळीसारखं काहीतरी घातलेला महापौर, समोर आम्ही पन्नास साठ जण, व्हिएतनामी, ग्रीक, श्रीलंकन, आणि एकटा मी सातारी. भिंतीवर राणी. शपथ काय, तर मी एलिझाबेथ दुसरी, ऑस्ट्रेलियाची राणी, हिच्याशी आणि कायद्याप्रमाणे येणाऱ्या तिच्या वारसांशी निष्ठावंत राहीन. वारसांशी! म्हणजे चार्ल्सचं तेव्हा डायनाशी जमेना झालं होतं, रोज पेपरात येत होतं, आणि इकडे मी त्याच्याशी निष्ठेने बांधला गेलो. मग एक देशी झाडाचं रोप दिलं कुंडीतलं, चहा दिला, फोटो काढला. तो फोटो मी मोठ्या हौसेने घरी पाठवला, आमच्या वडिलांना.

आता वडील म्हणजे कोण, तर शाळामास्तर, आणि पत्री सरकारच्या काळात सोळा सतरा वर्षांचं पोरगं असताना रात्री या गावातून त्या गावात बुलेटिनं पोचवणारे. नाना पाटलांना लांबून पाहिलेलं, ते आयुष्यभर जवळून पाहिल्यासारखं सांगायचे. महिन्याने त्यांचं पत्र आलं. खुशाली, ऊस, चुलत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं नेहमीसारखं, आणि सगळ्यात खाली, जिथे जागा संपते तिथे आडवं लिहिलेलं, 'फोटो मिळाला. आम्ही बापाला घालवलं, तू पोरीची शपथ घेतलीस.'

हसा हसा. मी तेव्हा हसलो नव्हतो. बापाला म्हणजे सहाव्या जॉर्जला. आणि हिशोब बरोबर होता त्यांचा. सत्तेचाळीसनंतरही अडीच वर्षं तो आपला राजा होताच, कागदावर, २६ जानेवारी १९५० ला गेला.

पुढचं ऐका. बायकोने नागरिकत्व घेतलं १९९६ ला, ती आईच्या आजारपणामुळे थांबली होती. मधल्या काळात पंतप्रधान पॉल कीटिंगच्या सरकारने कायदा बदलला, १९९४ पासून नव्या नागरिकांच्या शपथेतून राणी काढून टाकली. आता शपथ ऑस्ट्रेलियाशी आणि तिथल्या लोकांशी. त्यामुळे आमच्या एका घरात, एका छपराखाली, मी राणीचा माणूस आणि ही जनतेची. भांडण झालं की ती ऐकवते, तुमच्या मालकिणीला विचारा. आणि तिचा समारंभ कधी होता, तर २६ जानेवारीला! तो ऑस्ट्रेलिया डे, १७८८ ला त्या तारखेला कैद्यांची जहाजं घेऊन आलेल्या इंग्रजांनी सिडनीला झेंडा रोवला. सकाळी ही तिथे नागरिक झाली, संध्याकाळी आम्ही भारतीय मंडळींच्या प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमाला गेलो. एकच तारीख, एका देशाने राजा घालवला ती, आणि दुसऱ्याने राजाचा झेंडा रोवला तो दिवस सुट्टी घेऊन साजरा करायची. आणि तिथल्या मूळ लोकांसाठी तो दिवस सुतकाचा, १९३८ पासून ते तसं जाहीरपणे म्हणताहेत.

अजून एक गंमत. नव्याने आलेल्या माणसाला राणीची शपथ नाही, पण निवडून आलेल्या खासदाराला आहे. ती घटनेच्या परिशिष्टातच छापलेली आहे, ती बदलायची तर सार्वमत घ्यावं लागतं. म्हणजे मेलबर्नला टॅक्सी चालवणारा कालचा पंजाबी पोरगा राजापासून मोकळा आणि तिथला खासदार बांधलेला.

चहापानाला बाहेर लॅमिंग्टन ठेवलेत, बायकोने आणि वहिनींनी केलेत काल. स्पंज केकचा चौकोनी तुकडा चॉकलेटमध्ये बुडवायचा आणि खोबऱ्याच्या किसात घोळवायचा. तिथला राष्ट्रीय पदार्थच समजा, नागरिकत्वाच्या समारंभात हाच असतो. आता तुमच्यातले जे कुणी मुंबईला रेडिओचे पार्ट, नंतर कॉम्प्युटरचे पार्ट आणायला लॅमिंग्टन रोडला गेलेत, त्यांनी हात वर करा. बघा. तोच लॅमिंग्टन! हा लॉर्ड आधी क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता, १८९६ ते १९०१, केकला त्याचं नाव लागलं, म्हणजे त्याचं की त्याच्या बायकोचं यावर तिथे वाद आहे. मग १९०३ ला आला मुंबईला गव्हर्नर म्हणून, इथे रस्त्याला लागलं. रस्त्याचं नाव आपण बदललं, भडकमकर मार्ग केलं, म्हणतो आपण लॅमिंग्टन रोडच. आणि हाच म्हातारा १९४० च्या मार्चमध्ये लंडनला कॅक्स्टन हॉलमध्ये बसला होता, जेव्हा उधमसिंगांनी ओडवायरला गोळ्या घातल्या. ओडवायर मेला, लॅमिंग्टन जखमी झाला. एकच माणूस, एका वसाहतीत केक झाला, दुसरीत रस्ता झाला आणि रस्त्यावरच्या माणसाची गोळी पण खाल्ली. मला नेहमी वाटतं की या दोन देशांच्या राजाविषयीच्या भावनेतला सगळा फरक यात आहे, पण हे जरा भाषणबाजीचं झालं, सोडून द्या.

हां, इतिहास. अध्यक्ष घड्याळ बघायला लागलेत.

१८५० ला सिडनीत जॉन डनमोर लँग नावाचा एक स्कॉटिश पाद्री होता. हट्टी, भांडखोर, बदनामीच्या खटल्यात तुरुंगात जाऊन आलेला. त्याने जाहीर व्याख्यानं दिली की इंग्लंडपासून सुटून आपल्या वसाहतींचं मिळून एक स्वतंत्र रिपब्लिक करू या. लीग काढली, फार कुणी आलं नाही. पण व्याख्यानमालेतून सुरू झालेली चळवळ आहे, म्हणून तुम्हाला सांगितलं.

त्यानंतरचा माझा आवडता माणूस, डॅनियल डेनिही. १८५३ ला न्यू साउथ वेल्सची घटना लिहायचं चाललं होतं. वेंटवर्थ नावाच्या बड्या धेंडाने टूम काढली की इंग्लंडसारखे आपणही इथे लॉर्ड करू, पिढीजात पदव्या देऊ, त्यांचं वरचं सभागृह बनवू. मेंढ्या पाळून गबर झालेले लोक, त्यांना आता सरंजामदार व्हायचं होतं. निषेधाची सभा भरली एका थिएटरात. हा डेनिही उठला, पंचविशीही पुरी नाही, वकील, अंगाने किरकोळ, आई आणि वडील दोघेही काळ्या पाण्यावर आलेले कैदी. म्हणाला, इथे सगळंच उलटं होतं, साधी पाणचिचुंद्री इथे आली की तिचा बदकाच्या चोचीचा प्लॅटिपस होतो, तशी ही इथली बनयिप सरदारकी! बनयिप म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या गोष्टीतलं डोहात राहणारं भूत, सगळे घाबरतात पण बघितलेलं कुणीच नाही. आणि पुढे म्हणाला, या सरदारांचं बोधचिन्ह काय ठेवायचं, तर हिरवी पार्श्वभूमी आणि तिच्यावर रमचं पिंप. कारण या घराण्यांच्या पैशाचं मूळ तिथे होतं, सुरुवातीच्या अधिकाऱ्यांनी रमच्या धंद्यावरच पैसा केला होता. थिएटर हसून हसून बेजार, आणि ती सरदारकी त्या हसण्यातच गेली, पुन्हा कुणाची टाप झाली नाही. एक प्रस्ताव एका विनोदाने मारला. आपल्याकडे एवढे विनोदी वक्ते झाले, त्यांनी असं काही मारल्याचं मला तरी आठवत नाही.

मग १८५४, बॅलरॅट. मेलबर्नपासून शंभर सव्वाशे किलोमीटर, मी पाहुणा आला की तिकडे नेतोच. सोनं सापडलेलं, जगभरातले लोक खड्डे खणतायत, आणि सरकार म्हणतं सोनं मिळो ना मिळो, परवान्याची फी भरा. पोलीस खड्ड्याच्या तोंडाशी येऊन परवाना दाखव म्हणायचे, आणि मत द्यायचा अधिकार तर नाहीच. लोकांनी परवाने जाळले, निळ्या कापडावर पांढरा दक्षिण क्रॉस, म्हणजे तिकडच्या आकाशातला तारकासमूह, असा झेंडा लावला, त्याच्याखाली शपथ घेतली, राणीच्या झेंड्याखाली नव्हे, आणि लाकडं रचून एक कुंपण उभं केलं. ३ डिसेंबरच्या पहाटे, रविवारी, शिपाई आले. पाव तासात खेळ खलास. बावीस तरी खाणवाले मेले. त्या झेंड्याचा जो उरलेला तुकडा आहे तो तिथे काचेआड ठेवलाय, अंधारात, मंद दिव्यात. कडा कुरतडल्यासारख्या, कारण नंतर लोक आठवण म्हणून तुकडे कापून नेत होते. ते कापड बघताना अंगावर काटा येतो, मला दर वेळी येतो, माझ्या नातवाला येत नाही, तो शेजारच्या सोनं धुवायच्या जागी जाऊन बसतो.

आता माझा मुद्दा बघा. तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्युरीने सगळे सोडले, तेराच्या तेरा! पहिला सुटलेला जॉन जोसेफ नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन, त्याला लोकांनी खुर्चीत बसवून रस्त्यातून मिरवलं. परवाना रद्द झाला, त्याच्या जागी वर्षाला एक पौंड, आणि त्या एका पौंडात मताचा अधिकार. बंडाचा पुढारी पीटर लेलर, त्या लढाईत त्याचा हात गेला, तो वर्षभरात विधिमंडळात निवडून आला आणि पुढे तिथल्या, म्हणजे व्हिक्टोरिया वसाहतीच्या, विधानसभेचा सभापती झाला. विग घालून, राणीच्या नावाने कामकाज चालवायला! विचार करा, आपल्या सत्तावनच्या कुठल्या पुढाऱ्याला इंग्रजांनी असं वर्षभरात कौन्सिलात घेतलं असतं का? तोफेच्या तोंडी दिलं. कारण सरळ आहे, ते गोरे होते आणि आपण नव्हतो. पण त्यामुळे झालं असं की त्यांच्या रागाला राजवटीपर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही.

दुसरी खेप १८८७. व्हिक्टोरिया राणीचा सुवर्णमहोत्सव. इकडे मुंबईत बोरीबंदरला तिचं नाव लागलं. तिकडे सिडनीच्या टाउन हॉलमध्ये सभा बोलावली, कशासाठी, तर शाळेच्या पोरांना ज्युबिलीनिमित्त खाऊपिऊ घालायला. किती निरुपद्रवी! त्या सभेत रिपब्लिकनवाले मोठ्या संख्येने घुसले आणि बहुमताने ठरावच फिरवला, की राणीच्या ज्युबिलीचं महत्त्व मुलांच्या मनावर ठसवणं हे देशाच्या लोकशाही वृत्तीला घातक आहे. पास! बडे लोक अवाक. पुन्हा सभा बोलावली, त्यात खुर्च्यांपर्यंत मामला गेला. दहा वर्षांनी, तिच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीत काय झालं ते तुम्हाला माहितीय. आपल्याकडे चाफेकर, त्यांच्याकडे ठरावाला उपसूचना.

त्याच वर्षी लुइसा लॉसन या बाईने आणि तिच्या मुलाने 'रिपब्लिकन' नावाचा पेपर चालवायला घेतला. मुलगा हेन्री लॉसन, तिथला थोर लेखक, त्याची पहिली छापून आलेली कविताच रिपब्लिकवर आहे, 'बुलेटिन' नावाच्या साप्ताहिकात आली. आता या 'बुलेटिन'बद्दल बोललंच पाहिजे. राजेशाहीवर असे आसूड ओढायचे की वाचताना मजा येते, कार्टून तर विचारू नका. मी स्टेट लायब्ररीत बसून जुने अंक बघत होतो, रविवार मजेत चाललेला, आणि पान उलटलं की तुमच्या माझ्यासारख्या माणसाचं, चिन्याचं, मूळ रहिवाशाचं असं चित्र की अंक मिटून ठेवावा. पुढे पुढे तर नावाखालीच ब्रीदवाक्य, ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी. ते १९६० पर्यंत होतं. म्हणजे त्यांना राजा का नको होता, तर बाकीच्या कारणांबरोबर हेही एक की लंडनचा राजा आपल्यासारख्या काळ्या लोकांचाही राजा होता आणि लंडन त्यांच्या गोरेपणाच्या कायद्यात लुडबुड करायचं. हे तिथले आजचे रिपब्लिकवाले फार सांगत नाहीत. मी सांगतो आणि मग मला पुढच्या सभेला बोलावत नाहीत.

ती खेपही विझली. १८९० नंतर मंदी आली, संप झाले, तो राग मजूर पक्षात गेला, आणि १९०१ ला सगळ्या वसाहतींचं मिळून एक राष्ट्र झालं. ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने, आणि त्याच्या पहिल्याच परिच्छेदात, राजमुकुटाखाली.

चिठ्ठी आली. 'वीस मिनिटे.' ठीक आहे, पन्नास वर्षं एका उडीत घेतो.

१९५४ ला राणी स्वतः गेली, गादीवरचा राजा किंवा राणी तिथे जायची पहिलीच वेळ. देशातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी तिला प्रत्यक्ष पाहिलं म्हणतात. पंढरीची वारी सुद्धा फिकी पडेल हो! पंतप्रधान मेंझीज तर भक्तच. पण त्याच मेंझीजच्या काळात, १९६३ ला, पौंड शिलिंग जाऊन दशमान चलन येणार होतं आणि नाव काय ठेवायचं हा प्रश्न होता. लोकांनी सुचवलं, कुणी ऑस्ट्रल, कुणी रू म्हणजे कांगारूतला रू, कुणी इमू. सरकारने जाहीर केलं, 'रॉयल'. चलनाचं नाव रॉयल! दोन रॉयलची भाजी द्या. लोकांनी एवढी टर उडवली की तीन महिन्यांत सरकारने माघार घेतली आणि डॉलर केलं, अमेरिकेचं नाव चाललं पण राजाचं नको. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण याच लोकांनी नऊ वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला उभं राहून रुमाल हलवले होते. म्हणजे राणी बघायला आवडते, खिशात नको. नोट कुठवर आली? चौथी रांग? चालू द्या.

आता १९७५. याला वेळ लागला तरी मी देणार आहे, कारण तेव्हाचा पंतप्रधान गॉफ व्हिटलम नसता तर मी तिथे गेलोच नसतो. गोऱ्यांनाच प्रवेश हे धोरण त्याच्या सरकारने १९७३ ला पुरतं गाडलं. तेव्हा माझं बोलणं एकतर्फी आहे, समजून घ्या.

मजूर पक्षाचं सरकार, तेवीस वर्षांनी आलेलं. वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, विरोधकांचं जड पारडं. त्यांनी ऑक्टोबरमध्ये पैशाची बिलं अडवून धरली, की निवडणूक घ्या. व्हिटलम म्हणे घेत नाही. महिनाभर रस्सीखेच. गव्हर्नर जनरल, म्हणजे राणीचे तिथले प्रतिनिधी, होते सर जॉन केर, व्हिटलमनेच नेमलेले. ११ नोव्हेंबरला व्हिटलम त्यांच्याकडे गेला, दुपारी एकच्या सुमाराला, अर्ध्या सिनेटची निवडणूक घ्या सांगायला. केरने त्याच्या हातात पत्र दिलं, तुम्हाला बडतर्फ केलंय. आणि विरोधी नेता माल्कम फ्रेझर त्याच बंगल्यात दुसऱ्या खोलीत बसवून ठेवलेला! गव्हर्नर काय काय करू शकतो हे महाराष्ट्राला मी सांगायला नको, पहाटे उठून टीव्ही लावलेली माणसं आहात तुम्ही.

आता पंतप्रधानाने काय करावं? तो घरी गेला आणि जेवला. स्टेक खाल्ला. खरंच. सहकाऱ्यांना बोलावलं, पण सिनेटमधल्या आपल्याच पक्षाच्या लोकांना सांगायचं राहून गेलं. त्या बिचाऱ्यांना पत्ताच नाही, दुपारी सभागृह भरलं, विरोधक म्हणाले बिलं पास करू, यांना वाटलं आपण जिंकलो, झाली पास. झालं, फ्रेझरला पैसा मिळाला. खालच्या सभागृहाने फ्रेझरवर अविश्वास ठराव केला, चौसष्ट विरुद्ध चोपन्न. सभापती तो ठराव घेऊन केरकडे निघाले तर त्यांना ताटकळत ठेवलं, आणि तेवढ्यात केरच्या सेक्रेटरीने संसदेच्या पायऱ्यांवर येऊन विसर्जनाची घोषणा वाचली. शेवट 'गॉड सेव्ह द क्वीन'. त्याच्या खांद्यामागे उंचच उंच व्हिटलम उभा. तो माईकवर येऊन म्हणाला, देव राणीला वाचवो असं खुशाल म्हणा, कारण गव्हर्नर जनरलला आता कोणीच वाचवू शकणार नाही.

सभापतींनी राणीला पत्र लिहिलं की हे मागे घ्या. तिच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं, यात राणीसाहेबांचा काही संबंध नाही. आता त्याच वर्षी आपल्याकडे बघा, पंचवीस जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. एकाने पंतप्रधानांना नाही म्हणायचं तर सही केली, दुसऱ्याने पंतप्रधानाला विचारायचं तर त्यालाच काढला. त्यामुळे मी जेव्हा तिथे सांगतो की राष्ट्रपती असला की सगळं ठीक, तेव्हा माझी जीभ जरा अडखळते.

देशभर मोर्चे निघाले, रिपब्लिक शब्द परत आला. पण महिनाभरात निवडणूक झाली आणि लोकांनी फ्रेझरलाच भरघोस निवडून दिलं! केर दोन वर्षांनी गेले. त्यांची आणि राजवाड्याची पत्रं, दोनशेहून जास्त, सरकारी दप्तरखान्यात 'खाजगी' म्हणून कुलूपबंद होती. जेनी हॉकिंग नावाच्या इतिहासकार बाईंनी वर्षानुवर्षं कोर्ट लढवून २०२० ला ती उघडायला लावली. त्यात केर लिहितात की राणीला आधी न कळलेलंच बरं, म्हणून सांगितलं नाही. लोकांनी एक दिवस वाचलं, मग पुन्हा कोविडचे आकडे बघायला लागले. पंचेचाळीस वर्षांत राग शिळा होतोच.

दुसरी चिठ्ठी. 'आवरते घ्यावे.' घ्यावे म्हणजे घेतोच.

१९९९. कीटिंगने विषय आणला, तो हरला, पुढचा पंतप्रधान हॉवर्ड राजानिष्ठ, तरी त्याने दिलेल्या शब्दाप्रमाणे १९९८ च्या फेब्रुवारीत कॅनबेराच्या जुन्या संसदेत १५२ प्रतिनिधींची परिषद भरवली, दोन आठवडे. तिथे झालं काय की राजा नको यावर बऱ्याच जणांचं एकमत, पण त्याच्या जागी जो येईल तो कसा निवडायचा यावर फाटाफूट. एक गट म्हणे संसदेने दोन तृतीयांश बहुमताने निवडावा, दुसरा म्हणे थेट जनतेने. रिपब्लिकन ऐक्य हा विषय महाराष्ट्राला नवा नाही, त्यामुळे पुढचं तुम्ही ओळखलं असेल. संसदेने निवडायचा मसुदा सार्वमताला आला, आणि थेट निवडणूकवाले रिपब्लिकन जाऊन राजावाल्यांच्या शेजारी उभे राहिले. राजावाल्यांनी तर कमालच केली, प्रचारात राणीचं नावच घेतलं नाही! घोषणा काय, तर राजकारण्यांच्या रिपब्लिकला नाही म्हणा.

मी ६ नोव्हेंबरला शाळेबाहेरच्या मतदान केंद्रावर 'हो'ची पत्रकं वाटत होतो. आमच्या गल्लीतला प्लंबर आला, चांगला माणूस, राजेरजवाड्यांना शिव्या घालणारा. म्हणाला, माझं 'नाही' आहे. मी म्हणलं, अरे तू? तर म्हणाला, त्या म्हातारीबद्दल मला काही नाही, पण कॅनबेरातल्या त्या लोकांना आपसात वाटून घ्यायला अजून एक खुर्ची कशाला द्यायची? मी त्याला सांगितलं की भारतात आमचा राष्ट्रपती आमदार खासदारच निवडतात, पन्नास वर्षं चाललंय. तो म्हणाला, मग तू इकडे का आलास? आता यावर काय बोलणार, मी त्याला पत्रक दिलं आणि दोघांनी सॉसेज खाल्लं.

निकाल, हो ४५ टक्के, नाही जवळजवळ ५५. सहापैकी एकाही राज्यात 'हो' नाही. फक्त कॅनबेरा भागात 'हो', जिथे राजकारणी राहतात! चळवळीचा नेता माल्कम टर्नबुल म्हणाला, या पंतप्रधानाने देशाचं काळीज मोडलं. पुढे टर्नबुल स्वतः पंतप्रधान झाला २०१५ ला आणि म्हणाला, राणी आहे तोवर नको. राणी गेली. ती जायच्या थोडं आधी, २०२२ लाच, रिपब्लिकसाठी एक सहाय्यक मंत्री नेमला होता, २०२४ ला ते खातंच बंद केलं. कारण मध्ये २०२३ ला मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधित्वाचं सार्वमत साठ टक्क्यांनी पडलं, त्यानंतर सार्वमत हा शब्द काढायची कुणाची हिंमत नाही. त्यांच्या घटनेत बदल करायचा तर देशात बहुमत आणि सहापैकी चार राज्यांत बहुमत, दोन्ही पाहिजे, पंचेचाळीसपैकी आठच वेळा जमलंय. मॉरिशसला आपली मराठी माणसं आहेत, तिथे १९९२ ला संसदेने ठरवलं आणि झालं रिपब्लिक, बार्बाडोसने २०२१ ला तेच केलं. यांना लोकांना विचारावं लागतं आणि लोक म्हणतात, आमचं काही अडलंय का?

तर माझा मुद्दा सुरुवातीला सांगितलाच होता, तो इथे नीट मांडायचा होता, लेलरपासून प्लंबरपर्यंत ओळीने, पण आता वेळ नाही. एवढंच म्हणतो की अडलेली माणसं तिथे आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चार्ल्स कॅनबेराच्या संसदेत भाषण करून थांबला, आणि लिडिया थॉर्प ही मूळ रहिवासी सिनेटर ओरडली, तू माझा राजा नाहीस. तिला बाहेर काढलं. तिचा राग १७८८ चा आहे आणि तो परवान्याची फी माफ करून उतरणारा नाही. बाकीचे ऑस्ट्रेलियन दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची करत होते, तर तिने असं ओरडणं शिष्टाचाराला धरून होतं का.

आमचे वडील २००३ ला गेले. शेवटच्या वेळी भेटलो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, आहे का अजून ती? मी म्हणलं आहे. म्हणाले, चिवट आहे.

अध्यक्ष उभेच राहिलेत आता, थांबतो. लॅमिंग्टन संपवा, परत न्यायचे नाहीत. आणि नोट कुणाकडे आहे? मागच्या रांगेत नाही? ती डावीकडची मंडळी बघा जरा. पाच डॉलरचं काही नाही हो, पण राणी परत द्या.